उतरती मिळकत आणि कपड्यांची हौस

कपड्यांची आवड असणे ही काही लपवून ठेवण्यासारखी गोष्ट नव्हे. पण मिळकत उतरली की माणसे ती लपवू लागतात. पगार चालू असेपर्यंत जो मनुष्य 'रसिक' म्हणून ओळखला जातो, तोच निवृत्त झाला किंवा त्याची नोकरी गेली, आणि तरीही तो कडक इस्त्रीचा सदरा घालून, रंग पाहून निवडलेला हातरुमाल खिशात ठेवून बाहेर पडला, की त्याच आळीतले लोक म्हणू लागतात, "ऐट बघा अजून कशी आहे!" बाईच्या बाबतीत तर विचारूच नका. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री लागते ती तिच्या कपाटाला. आणि ही कात्री तिने आपल्याच हाताने, हसतमुखाने लावावी अशी घरच्यांची अपेक्षा असते. "आता कशाला हवंय नटणं-मुरडणं?" हे वाक्य तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल, काहींनी म्हटलेही असेल.

श्रोतेहो, काटकसर करा असे सांगायला मी येथे आलेलो नाही. ज्याची मिळकत उतरली आहे त्याला काटकसर कोणी शिकवावी लागत नाही. माशाच्या पिलाला पोहायला शिकवण्यापैकीच ते. माझा प्रश्न वेगळा आहे. पैसा कमी झाला म्हणजे आवडही कमी व्हायलाच हवी का? गाण्याची आवड असणारा मनुष्य निवृत्त झाला तर त्याने गाणे ऐकू नये असे आपण म्हणत नाही. वाचनाची आवड असणाऱ्याला आपण ग्रंथालयाचा पत्ता देतो. मग कापडाचा पोत, रंगाची जुळणी, अंगावर नेमका बसलेला बेत यांचा आनंद घेणाऱ्यालाच तेवढे आपण "आता पुरे" असे का सांगतो?

याचे कारण असे दिसते की, आपण हौस आणि खरेदी या दोहोंना एकच समजतो. वास्तविक कपड्यांच्या आनंदात विकत घेण्याचा क्षण हा एकच, आणि तोही फार थोडका. दुकानातून पिशवी घरी आली की तो संपतो. बाकीचा सगळा आनंद म्हणजे पाहणे, पारखणे, जुळवणे, नेसणे, सांभाळणे, आणि जुन्याचे नवे करणे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागतच नाही. लागते ती नजर आणि फुरसत. आणि गंमत अशी, की निवृत्त माणसाजवळ पैसा निम्म्यावर आलेला असतो तेव्हाच फुरसत मात्र दुप्पट झालेली असते.

इंग्लंडात बो ब्रमेल नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. जन्म १७७८, मृत्यू १८४०. पुरुषांच्या पोषाखाला आज जो साधेपणा आहे त्याचा मोठा वाटा या माणसाकडे जातो. जरतार, मखमल, रंगीबेरंगी रेशीम हे सगळे त्याने बाजूला सारले. गडद निळा, अंगाला अचूक बसणारा कोट. धुतलेले पांढरेशुभ्र आतले कापड. आणि खळ दिलेला गळपट्टा. झाले! खुद्द युवराज त्याच्या मताला मान देई. हाच ब्रमेल १८१६ मध्ये सावकारांना चुकवून फ्रान्सला पळाला आणि पुढे तिकडेच वेड्यांच्या इस्पितळात वारला. लोक त्याची गोष्ट सांगून म्हणतात, पाहा, कपड्यांच्या नादाने काय होते! मला ते पटत नाही. त्याला बुडवले ते जुगाराने आणि उधारीने. स्वच्छ कापड आणि नीट बेत या त्याच्या दोन शोधांत तर सगळ्यांत कमी पैसा होता.

एका माणसाचे राहू द्या. एका अख्ख्या देशाची कापडाची मिळकत एकदम उतरते तेव्हा काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी प्रत्येक माणसाला ६६ कुपने. पुरुषाचा कोट, जाकीट आणि पँट असा गरम सूट घ्यायचा म्हटला की त्यांतली २६ कुपने गेलीच. बाईचा लोकरीचा एक पोषाख म्हणजे ११. पैसे असले तरी कुपन नाही तर कपडा नाही. मग सरकारने कपड्यांवर खिसे किती, बटणे किती, चुण्या किती याचेही नियम केले. पँटच्या पायाशी बाहेरून जी दुमड असते ना, तीसुद्धा १९४२ मध्ये बंद. तेवढेच चार बोटे कापड वाचले. आता पुरुषांनी काय करावे? डोक्यावर बॉम्ब पडताहेत, जेवायला पुरेसे लोणी नाही. पण पँटची दुमड गेल्याचे दुःख त्यांना सहन होईना! पुष्कळांनी मुद्दाम लांब पँट विकत घेऊन घरी ती दुमडायला सुरुवात केली. १९४४ मध्ये सरकारने तो नियम मागे घेतला. मला हा प्रसंग फार आवडतो. हौस म्हणजे वरवरची गोष्ट असती तर ती अशा वेळी आपोआप गळून पडली असती. त्या सरकारलाही हे उमगले असावे. कारण काटकसरीच्या कपड्यांचे नमुने काढण्याचे काम त्याने १९४२ मध्ये नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीज अशा नामांकित वेषकारांकडे सोपवले. कापड थोडे, पण बेत उत्तम. हे रेशनिंग तिकडे १९४९ च्या मार्चपर्यंत चालले.

आता आपल्याकडे या. कपड्यांचा आणि खिशाचा संबंध सांगताना १९२७ सालच्या महाडची आठवण मला आवश्यक वाटते. त्या वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केले. समोर बसलेल्या बायका अत्यंत गरीब. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे नेसणे, त्यांचे गळ्याहातातले दागिने हीच त्यांच्या जातीची खूण होऊन बसली होती. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की ही खूण पुसून टाका. पाय झाकतील असे लुगडे नेसा, ते ओझे अंगावरून उतरवा, स्वच्छ राहा. आणि त्यांचा मुद्दा असा होता की, नेसण्याची तऱ्हा बदलायला गाठचे काही खर्च होत नाही. लुगडे तेच, वार तेवढेच. नेसण तेवढी नवी. त्या स्त्रियांनी ती लगोलग बदललीही. 'हौस' हा शब्द येथे अपुरा आहे, हे मी जाणतो. तेथे प्रश्न माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचा होता. पण "गरिबाला कपड्यांचं काय करायचंय?" असे कोणी म्हणू लागला की मला महाडच्या त्या बायका आठवतात. ज्याच्याजवळ दुसरे काही नसते त्याच्या बाबतीत, तो कसा नेसतो हे जगाला आणि त्याचे त्यालाही आधी दिसते.

आपल्या मराठी घरांनी तर थोडक्यात नेटके दिसण्याचे एक शास्त्रच केले होते. भाषाच पाहा. नवी साडी पहिल्यांदा नेसण्याला आपण 'घडी मोडणे' म्हणतो. किती बहारीचा शब्दप्रयोग आहे! त्यात किंमत नाही, दुकान नाही. त्या कोऱ्या घडीचा करकरीतपणा मोडण्याचा क्षण तेवढा पकडला आहे. मग साड्यांचे वर्ग: ठेवणीतली, जाण्यायेण्याची, घरात नेसायची. एकच साडी वर्षांमागून वर्षे या पायऱ्या उतरत जाई. नऊवारी लुगडे बसण्याउठण्याने एका ठिकाणी विरले की तेवढा भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे. या जोडाला 'दांड' म्हणत. दांड घातलेले लुगडे नेसायचे ते असे, की शिवण निऱ्यांत किंवा कासोट्यात लपून जावी. त्याही पुढे लुगड्याचे परकर-पोलके व्हायचे, बाळाचे दुपटे व्हायचे, आणि सरतेशेवटी चार-पाच जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोरा घालत गोधडी. सातारा-कोल्हापूरकडे म्हणाल तर वाकळ. गोधडी शिवतानासुद्धा बाई रंग बघते. कुठल्या काठाची पट्टी कडेला घ्यायची, मधे खणाचा चौकोन बसवायचा की नाही, याचा ती दुपारभर विचार करते. हा वेषभूषेचाच विचार आहे, फक्त तो अंथरुणावर चाललेला आहे.

इरकलीची गोष्ट याहून बोलकी आहे. कर्नाटकातल्या इळकल गावची ही साडी महाराष्ट्रात आपली म्हणूनच नेसली जाते. तिचे अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी. दोन्हींचे ताण्याचे धागे एकमेकांत अडकवून विणकर ते जोडतो. रेशीम महाग, म्हणून ते लोकांच्या नजरेत भरते तेथे, म्हणजे पदराला आणि काठाला. बाकीच्या लांबीला सूत. याला कोणी लबाडी म्हणत नाही. तोकड्या पैशात शोभा कोठे ठेवावी याचे एवढे चोख उत्तर मी दुसऱ्या कापडात पाहिलेले नाही. तीच गोष्ट खणाची. गुळेदगुडचा खण तो केवढासा! पण एक खणाची चोळी दहा साध्या साड्यांवर चालते.

मात्र जुन्या काटकसरीचे गोडवे गाताना थोडे जपून गायला हवे. दांड घालणाऱ्या सगळ्याच बायका ते हौसेने घालत नव्हत्या. दुसरे लुगडे नव्हते म्हणून घालत होत्या, आणि घरातल्या पुरुषाचे धोतर मात्र दर वर्षी नवे येत होते. ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. त्यांच्या हातातली कला तेवढी घ्यावी.

आमच्या महाविद्यालयीन जगात आता एक वर्ग असा आहे, की ज्याची मिळकत उतरत नाही, कारण ती मुळात चढतच नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण प्राध्यापक. जेवढे तास, तेवढे मानधन. सुट्टीत काही नाही. आणि जे मिळायचे तेही महिनोन्‌महिने रखडत येणार. असे एक सहकारी माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना कपड्यांची विलक्षण आवड. पुष्कळ दिवस मी समजत होतो की घरचे बरे असावे. एकदा बोलण्यात विषय निघाला तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, माझे शर्ट चारच आहेत. दोन पँट. पण चारही शर्ट दोन्ही पँटवर जातात, म्हणजे आठ झाले की नाही?"

मी म्हटले, "गणित बरोबर आहे. पण मला ते आठही दिसले नाहीत. मला वीसेक वाटत होते."

"ते इस्त्रीचं श्रेय," ते म्हणाले. "आणि बुटांचं. पहिल्या बाकावरची मुलं फळ्याआधी बूट बघतात, सर."

त्यांच्या कॉलरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. शर्ट मरतो तो बहुधा कॉलरच्या घडीवर. बाकीचे कापड शाबूत, आणि मानेशी घासून तेवढी कड फिसकटलेली. त्यांच्या गल्लीत एक म्हातारे शिंपी आहेत. ते कॉलर पट्टीपासून उसवतात, उलटी करतात आणि पुन्हा शिवतात. आत दडलेली बाजू कोरी निघते. नव्या शर्टाच्या मानाने शिलाई अगदी किरकोळ. पूर्वी हे काम सगळेच शिंपी करीत. आता ते जाणणारा शोधावा लागतो. असा शिंपी तुमच्या भागात असला तर त्याच्याशी ओळख ठेवा. खिसा हलका झाल्यावर दुकानदारापेक्षा शिंपी अधिक उपयोगी. ढगळ कोट अंगाबरोबर करणे, पँटची कंबर सैल करणे, सदऱ्याची लांब बाही आखूड करून फाटका कफ काढून टाकणे. कपडा महाग दिसतो तो किमतीने नव्हे, बसण्याने.

या सहकाऱ्यांना ही नजर आली कोठून? त्यांचे वडील मुंबईच्या गिरणीत साळखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतल्या पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा आतून दिसले नाही. वडिलांनी भाजीची गाडी लावली. पण रविवारी पांढरा सदरा, आणि त्याची घडी अशी, की ब्लेडने कापल्यासारखी. घरात इस्त्री नव्हती. पितळी तांब्यात निखारे घालून ती होई. हा मनुष्य मुलाला खेळणे देऊ शकला नाही. पण कापड पारखायला त्याने शिकवले. उजेडासमोर धरून वीण दाट आहे की विरळ ते पाहावे. दोन बोटांत चुरडून पाहावे. पांढरी भुकटी पडली तर समजावे की वजन खळीचे आहे, धुतल्यावर चिंधी होणार. कडेचा एक धागा ओढून पेटवावा. सूत कागदासारखे जळून राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी बनतो. हे सहकारी अजून सुट्टीच्या दिवशी कापडबाजारातून हिंडून येतात. मी विचारले, काही घेता का? म्हणाले, "नाही. हात लावायला पैसे पडत नाहीत, सर."

वर्षातून एकदा मात्र ते घेतात. गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर सूट मिळते, तेव्हा शर्टापुरती अडीच मीटर खादी. दोन महिने आधीपासून रंग ठरवतात. कापड आणल्यावर लगेच शिंप्याकडे नेत नाहीत. रात्रभर पाण्यात भिजवून वाळवतात, कारण खादी पहिल्या धुण्यात आटते. ही वाट पाहण्याची दोन महिन्यांची मजा दर आठवड्याला शर्ट घेणाऱ्याच्या नशिबी कोठून?

गांधींचेच नाव निघाले म्हणून सांगतो. १८८८ मध्ये विलायतेला गेलेला तो तरुण तेथे काही दिवस चांगलाच छानछोकी करीत असे: बाँड स्ट्रीटवर शिवलेला दहा पौंडांचा पोषाख, उंच टोपी, घड्याळाची सोन्याची दुहेरी साखळी, आणि आरशासमोर टाय बांधण्यात जाणारी रोजची दहा मिनिटे. हे सगळे त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितले आहे. पुढे १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला त्यांनी पंचा स्वीकारला. त्या जीवनावरच्या १९८२ च्या चित्रपटाला वेषभूषेचे ऑस्कर मिळाले, आणि १९८३ मध्ये ते स्वीकारणाऱ्या दोघांपैकी एक होत्या आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया. भारतीय व्यक्तीला मिळालेले ते पहिले ऑस्कर. ज्या कथेचा नायक कपडे कमी कमी करीत जातो, तिलाच वेषभूषेचे पारितोषिक मिळावे, यात मला मोठी मौज वाटते.

असो. थोडे व्यवहाराकडे वळू. समजा, एक शर्ट ४०० रुपयांचा आहे आणि दहा वेळा घातल्यावर त्याचा रंग उडाला. दुसरा १,२०० रुपयांचा आहे आणि तो शंभर वेळा घातला. पहिला दर खेपेला ४० रुपयांना पडला, दुसरा १२ रुपयांना. हे गणित सगळे सल्लागार सांगतात, आणि ते खरे आहे. पण त्यातली एक गोम ते सांगत नाहीत. ज्याच्या खिशात आज ४०० च आहेत, त्याने १,२०० चा शर्ट घ्यावा कसा? गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी. त्याला वाट तीनच. एक, थांबणे. दुसरी, कटपीस घेऊन शिवून घेणे. मोठ्या कापडबाजारांत चांगल्या कापडाचे उरलेले तुकडे पुष्कळ स्वस्तात मिळतात, फक्त तुम्हाला किती लागते ते माप पाठ हवे. तिसरी, जुना कपडा. यात मात्र आपली नाके मुरडतात. बोहारणीला आपण जुने कपडे देतो आणि स्टीलचे पातेले घेतो. पुढे त्या कपड्यांचे काय होते याचा विचार आपण करीत नाही. ते निवडले जातात, धुतले जातात, रफू होतात आणि पुन्हा बाजारात येतात. कोणीतरी ते हौसेने घेऊन घालतो आणि त्यात छान दिसतो. मोठ्या भावाचे कपडे धाकट्याने घातले तर आपल्याला कमीपणा वाटत नाही. मग अनोळखी मोठ्या भावाचे घातले तर काय बिघडले? स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावे म्हणजे झाले.

चौथी वाट मी मोजली नाही, कारण ती वाट नव्हे, खड्डा आहे. ती म्हणजे हप्त्यांची. आज घ्या, पैसे पुढे द्या, असे फोनवरच सांगणारे आता पावलोपावली आहेत. ऋण काढून सण करणाऱ्याला आपल्याकडे पूर्वीपासून हसतात. पण सणाला निदान वर्षातून एकदाच कर्ज निघे. ज्या साडीचे तीन हप्ते बाकी आहेत ती नेसल्यावर आरशात साडी दिसत नाही, हप्ते दिसतात. हौस भागवायची तर ती रोखीने भागवावी, आणि भागत नसेल तर बाजारात हात लावून परत यावे.

खरी कसोटी लागते ती लग्नकार्यात. कोणीतरी आत्या किंवा मावशी हटकून म्हणते, "ही मागच्या मुंजीत नेसली होतीस ना गं?" पूर्वी हे आत्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून होते; आता फोनमधले फोटो साक्षीला असतात. आणि तेवढ्या धाकाने माणसे बस्त्याच्या दुकानात पाय ठेवतात. मला वाटते, याला एकच उत्तर आहे: "हो, तीच. मला फार आवडते ती." एवढे म्हटले की आत्यांच्या भात्यातले बाण संपतात. इंग्लंडच्या राजकन्येचे, पुढे जी एलिझाबेथ राणी झाली तिचे, १९४७ मध्ये लग्न झाले तेव्हा तिच्या पोषाखालासुद्धा कुपने लागली होती. देशातल्या कितीतरी बायकांनी प्रेमाने आपापली कुपने तिला पाठवली, आणि दुसऱ्याची कुपने वापरणे कायद्याने चालत नसल्यामुळे ती परत करावी लागली. आपल्याकडे सुदैवाने असा कायदा नाही. साडी उसनी घेता येते.

माझ्या शेजारच्या काकूंनी तर त्याची एक रीतच करून टाकली आहे. काका गेल्यावर काकूंच्या हाती कुटुंबनिवृत्तिवेतन तेवढे येते. पूर्वी दर दिवाळीला, दर संक्रांतीला साडी ठरलेली. ते सगळे थांबले. पहिले वर्षभर त्यांनी कपाट उघडलेच नाही. नातेवाइकांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. उलट, "शोभतं हो त्यांना," असेच सगळे म्हणाले. मग एके दिवशी त्यांनी कपाट उघडले ते उघडलेच. मला म्हणाल्या, "अरे, चाळीस वर्षांच्या साड्या आहेत. यातल्या निम्म्या मी दोनदासुद्धा नेसले नाही. घ्यायच्या नादात नेसायच्या राहून गेल्या."

त्यांनी आधी 'मॅचिंग'चा जाच मोडून काढला. प्रत्येक साडीला तिचाच ब्लाउज हवा, हा नियम कोणी केला? काळ्या खणाचा एक, मोतिया रंगाचा एक, गडद लाल एक. यांवर तीसेक साड्या बसल्या. ज्या साडीचे अंग विरले होते तिचा काठ उसवून त्यांनी साध्या सुती साडीला लावला. काठाची वीण घट्ट, त्यामुळे तो अंगापेक्षा टिकतो. एका जुन्या साडीचा नातीला झगा झाला. आणि शेजारच्या चौघीजणी मिळून आता कार्याला एकमेकींच्या साड्या नेसतात. अट एकच: ज्या नेसतील त्यांनी धुऊन, घडी करून द्यायची, आणि डाग पडला तर लपवायचा नाही. काकू परवा कोणाच्या तरी साखरपुड्याला जांभळी पैठणी नेसून निघाल्या होत्या. मी म्हटले, "नवी वाटतं?" म्हणाल्या, "मला नवीच. तिच्या मालकिणीला विचारशील तर एकोणीसशे शहाऐंशीची आहे."

अशी जुनी रेशमी साडी तुमच्या घरातही असेल. नसली तर कोणाचा तरी जुना कोट, शेला, शाल असेलच. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली असेल तर आधी बाहेर काढा. रेशमाला हवा लागते. धुतलेल्या मलमलीच्या किंवा जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका, जर काळवंडते. आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, कारण वर्षानुवर्षे एकाच रेघेवर मोडलेले रेशीम त्या रेघेवरच चिरते. घडी बदलायची म्हणजे साडी पूर्ण उलगडावी लागते. उलगडलीच आहे, तर एकदा नेसून बघा. दुपारच्या वेळी घरात कोणी नसते.